गलबतांच्या जकातीवर चाललेले देव

डहाणूजवळच्या चिंचणी गावी 1955च्या सुमारास काही ताम्रपट सापडले. त्यांतल्या इसवी सन 926च्या ताम्रपटात मधुमती नावाचा एक अधिकारी भेटतो. मधुमती म्हणजे महंमद. जातीने ताजिक, म्हणजे अरब. राष्ट्रकूट राजा दुसरा कृष्ण याने त्याला संजाणचा सगळा मुलूख सांभाळायला दिला होता. या गृहस्थाने दोन खाड्यांवर फुकट तर, म्हणजे होडीची ने-आण, सुरू केली, वाटसरूंसाठी भात-तुपाचं अन्नछत्र घातलं. अन्नैय नावाच्या ब्राह्मणाने भगवतीसाठी मठिका, म्हणजे छोटा मठ, बांधली, तेव्हा पुढचा राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या संमतीने तिला जमीनही तोडून दिली.

आपल्याकडे असा ताम्रपट हाती लागला की सहिष्णुतेवर भाषण ठरलेलं. मला त्यातली तर जास्त महत्त्वाची वाटते. खाडी अडली की माल अडतो, माल अडला की जकात बुडते. मधुमतीला धर्म किती कळत होता हे ताम्रपट सांगत नाही. बंदर कसं चालतं हे मात्र त्याला नेमकं कळत होतं.

त्या काळच्या अरबी समुद्राचा धनी वारा होता. नैर्ऋत्येचा वारा अंगात आला की कोकणची बंदरं मिटत. त्याचा जोर ओसरताना अरबस्तानाकडची गलबतं इकडे लागत, आणि परतायचं तर ईशान्येचा वारा सुटेपर्यंत थांबणं भाग. काथ्याने शिवलेल्या लाकडी गलबतांना वाऱ्याशी भांडण परवडत नसे. महिनोन्‌महिने परक्या गावात काढायचे म्हणजे माणसाला घर लागतं, न्यायनिवाडा लागतो, मेल्यावर जागा लागते. कोणी इथेच लग्न करून राहतो. अल्‌-मसूदी 916च्या सुमारास सैमूरला, म्हणजे आपल्या चौलला आला, तेव्हा तिथे त्याला दहा हजारांच्या आसपास मुसलमानांची वस्ती दिसली. सिराफ, ओमान, बसरा, बगदाद इथून आलेले लोक, आणि इथेच जन्मलेली त्यांची मुलं. त्यांच्या आपसातल्या तंट्यांसाठी त्यांच्यातलाच एक प्रमुख नेमलेला असे. राजा होता शिलाहार झंझ. वरचा सम्राट राष्ट्रकूट. त्याला अरब लेखक ‘बल्हरा’ म्हणत आणि त्याच्याबद्दल हातचं न राखता चांगलं लिहीत. का लिहिणार नाहीत? त्यांची गलबतं त्याच्या बंदरांत सुखरूप होती.

पैसा कुठून कुठे जात होता, ते दक्षिण कोकणच्या रट्टराजाच्या 1008च्या खारेपाटण ताम्रपटात स्पष्ट दिसतं. परदेशातून येणाऱ्या प्रत्येक गलबतामागे सोन्याचा एक गद्याण अव्वेश्वराच्या देवळाला. पुजाऱ्याची पोटगी, शैव तपस्व्यांचं जेवण, देवळाची डागडुजी, सगळं त्यातून. होर्मुझ-एडनकडचा मुसलमान नाखवा बंदरात शिरताना शंकराच्या नैवेद्याला हातभार लावत होता. त्याला ते ठाऊक असो वा नसो. गोव्यात हीच गोष्ट उलट बाजूने घडली. कदंब जयकेशी पहिला याच्या 1059च्या ताम्रपटात गोपकपट्टणातल्या मशिदीच्या खर्चासाठी बाहेरच्या बंदरांतून येणाऱ्या गलबतांवर कर बसवलेला आहे. ती मशीद छडम नावाच्या अधिकाऱ्याने बांधली. त्याच्या घराण्याची ओळख सांगताना जुनी हकिगत येते: कदंब राजा सोमनाथाच्या यात्रेला समुद्रमार्गे निघाला, वाटेत गलबताची डोलकाठी मोडली, आणि गोपकपट्टणाच्या एका श्रीमंत ताजिकाने त्याला मदत केली. सोमनाथाच्या यात्रेचा राजा आणि त्याला सावरणारा अरब सावकार! पुढे 1264 साली खुद्द सोमनाथाच्या गावी होर्मुझच्या नूरुद्दीन फिरोजने मशिदीसाठी जागा घेतली. त्या व्यवहाराचा लेख संस्कृत आणि अरबी अशा दोन भाषांत आहे आणि त्यात चार वेगवेगळ्या कालगणना दिल्या आहेत. व्यवहारात उद्या वाद नको, एवढी साधी काळजी.

पारशांचा माग याच किनाऱ्यावर लागतो. कान्हेरीच्या लेण्यांत 1009 आणि 1021 साली येऊन गेलेल्यांनी पहलवी लिपीत आपली नावं कोरून ठेवली आहेत. बौद्ध लेण्यात पारशी पाहुणे! त्याच कान्हेरीला नवव्या शतकात गौड देशाच्या, म्हणजे बंगालच्या एका भक्ताने शंभर द्रम्म दान दिले होते. चिंचणीच्याच 1034च्या ताम्रपटात मठिकेतल्या दिव्याच्या तेलासाठी एक घाणा दान दिला आहे आणि नगरातल्या मानकऱ्यांत अल्लिय, महार, मधुमत ही परक्या वळणाची नावं येतात.

पण हे सगळं गोड होतं असं कुणी समजू नये. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलो ठाण्याबद्दल लिहितो की इथल्या राजाचं समुद्रातल्या चाच्यांशी संगनमत आहे: लुटीतले घोडे राजाचे, बाकीचा माल चाच्यांचा. घोड्याची गरजच तशी होती. इथल्या दमट हवेत घोडा टिकत नसे, आणि सैन्याला तर तो हवाच.

आणि 1321. चीनकडे निघालेले चार फ्रान्सिस्कन साधू ठाण्याला येऊन अडकले आणि एका नेस्टोरियन ख्रिस्ती कुटुंबात उतरले. त्या घरातल्या नवरा-बायकोच्या भांडणाचे साक्षीदार म्हणून त्यांतल्या तिघांना काझीपुढे जावं लागलं. बोलणं धर्मावर घसरलं, आणि चौघांचाही जीव गेला. त्यांचा सोबती जॉर्डनस याने त्यांना सोपाऱ्याला पुरलं. थोड्याच काळात ओडोरिक नावाचा फ्रान्सिस्कन आला, त्याने त्यांच्या अस्थी काढून समुद्रमार्गे चीनच्या झैतून बंदरापर्यंत नेल्या. ज्या जाळ्यातून मिरी आणि घोडे फिरत, त्यातूनच हुतात्म्यांची हाडंही फिरली. ठाणे तेव्हा दिल्लीच्या सुलतानाकडे होतं, जुनी शिलाहारी घडी मोडलेली होती. वस्तीच्या प्रमुखाकडे तंटा मिटवायची सोय नसली की परक्याचं बोलणं थेट सत्तेच्या अंगावर येतं, हे मला या प्रसंगात दिसतं. माझं हे अनुमान आहे. पुराव्याने सिद्ध करता येणार नाही.

पुढच्या शतकात बहामनी काळात रशियाचा अफनासी निकितिन एक घोडा घेऊन चौलला उतरला. पालीमार्गे जुन्नरला पोहोचला, तिथे पावसाळाभर चिखलात अडकला. जुन्नरच्या खानाने त्याचा घोडा काढून घेतला आणि अट घातली: मुसलमान हो, घोडा परत, वर हजार मोहरा. एका खोरासानी मुसलमानाने रदबदली केली म्हणून धर्मही वाचला, घोडाही. तो निकितिनने शेवटी बिदरला विकला, आणि वर्षभर त्याला पोसायला किती खर्च आला त्याचा हिशेबही आपल्या वहीत टिपून ठेवला.