अंडं कुणी वगळलं?

केक मिक्सच्या खोक्यात अंड्याची पूड का नसते, याचं जाहिरातवाल्यांच्या जगात एक ठरलेलं उत्तर आहे. व्हिएन्नाहून 1938 साली अमेरिकेत आलेले मानसशास्त्रज्ञ अर्नेस्ट डिख्टर यांनी म्हणे गृहिणींच्या मनाचा तळ गाठला. नुसतं पाणी घालून केक झाला की बाईला आपण काही केलंच नाही असं वाटतं, घरच्यांना फसवल्यासारखं वाटतं. तेव्हा खोक्यातलं अंडं काढा आणि ते तिलाच फोडू द्या! कंपनीने ऐकलं, खप वाढला. मार्केटिंगच्या वर्गांत ही गोष्ट इतक्यांदा सांगून झाली आहे की ती पडताळून पाहावी असं सहसा कुणाला वाटत नाही.

पडताळायची तर पिट्सबर्गपर्यंत मागे जावं लागतं, आणि तेही डिख्टर अमेरिकेत पाऊल ठेवण्याच्या आधीच्या काळात.

तिथल्या ‘पी. डफ अँड सन्स’ या कंपनीचा धंदा मळीचा. साखर काढून उरणारी ही काळी, दाट मळी तिकडे जिंजरब्रेडमध्ये घालतात. पण मळी म्हणजे चिकट काम: हाताळायला नकोशी, मापायला त्याहून नकोशी. कंपनीच्या जॉन डी. डफ यांनी ती पिठात मिसळून सुकवण्याची युक्ती काढली आणि 1933 साली तिचं पेटंट मिळवलं. त्यातलं मिश्रण वाचताना आजचं खोकंच डोळ्यांपुढे येतं. गव्हाचं पीठ, मळी, साखर, स्निग्धांश, मीठ, खायचा सोडा, आख्ख्या अंड्याची पूड, सुंठ आणि दालचिनी. घरी घालायचं ते फक्त पाणी.

खरी गंमत आहे ती 1935 साली मंजूर झालेल्या दुसऱ्या पेटंटात. त्याचा अर्ज डफ यांनी 1933 सालीच केला होता, आणि त्यात त्यांनी आपलंच अंडं बाहेर काढलं. कारणही लिहून ठेवलं. गृहिणी आणि एकूण गिऱ्हाईक ताजी अंडी पसंत करतं, म्हणून सुकवलेलं अंडं मानसशास्त्रीय दृष्टीने थोडं अडचणीचं ठरतं, असा त्या मजकुराचा आशय. मळीच्या व्यापाऱ्याने पेटंटच्या अर्जात मानसशास्त्र काढावं! ना मुलाखती, ना फ्रॉइड. गिऱ्हाइकाची नस ओळखायला गल्ल्यावर बसण्याचा अनुभव पुरला असावा.

डिख्टर यांनी पुढे केक मिक्सवर काम केलं आणि अंड्याची बाजू मांडली, हे खरंच. पण श्रेय देताना डफ यांचं नाव गळतं, आणि दुसरं एक साधं कारणही गळतं. अंड्याच्या पुडीने केक बिघडायचा. चव उग्र लागायची, पोत नीट जमत नसे, केक भांड्याला चिकटायचा. दुसऱ्या महायुद्धानंतर पिठाच्या मोठमोठ्या गिरण्या या धंद्यात उतरल्या, तेव्हाही अंडं खोक्यात ठेवायचं की बाहेर यावर त्यांचं एकमत नव्हतं. बाईच्या अपराधी मनाची कहाणी कितीही रंगतदार असली, तरी ताज्या अंड्याने केक चांगला होतो ही गोष्ट तिच्याआड जाऊ नये.

अपराधी भावना मात्र अगदीच कपोलकल्पित नव्हती. तिचा सर्वांत बोलका पुरावा कॉफीच्या संदर्भात सापडतो. मेसन हेअर या संशोधकाने 1950 साली एक प्रयोग छापला. त्याने वाणसामानाच्या दोन याद्या केल्या: खिमा, पावाच्या दोन लाद्या, गाजरांची जुडी, बेकिंग पावडरचा डबा, पीचचे दोन डबे, पाच पौंड बटाटे. दोन्ही याद्या हुबेहूब सारख्या. फरक एवढाच की एकीत ‘मॅक्सवेल हाउस’ची दळलेली कॉफी, दुसरीत ‘नेसकॅफे’ची इन्स्टंट. पन्नास बायकांना एक आणि पन्नास बायकांना दुसरी यादी दाखवून त्याने विचारलं, ही खरेदी करणारी बाई कशी असेल? इन्स्टंटवाली यादी पाहणाऱ्यांपैकी जवळपास निम्म्यांनी तिला आळशी ठरवलं. दळलेल्या कॉफीवालीला असं म्हणणाऱ्या अगदी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. पुढे हेअरने यादीत पायचं तयार मिश्रण घालून पाहिलं, तर तिथेही बोल बाईलाच. आणि हे बोल लावणाऱ्या सासवा नव्हत्या, तिच्यासारख्याच सामान आणणाऱ्या बायका होत्या.

आपल्याकडे पुण्यात 1963 साली गिलानी आणि तेजानी यांनी आपापल्या आडनावांतून ‘गिट्स’ उभी केली. त्यांच्या गुलाबजामच्या पाकिटाने घरची निम्मी मेहनत राखूनच ठेवली. भेगा न पडू देता गोळे वळणं, मंद आचेवर तळणं, पाक जमवणं, सगळं घरच्या बाईकडे. सणाच्या पंगतीत ‘घरचेच केलेत’ म्हणायला ती मोकळी.

अमेरिकन बायकांनी मात्र खोक्याशी वेगळाच हिशेब मांडला. केकच्या खोक्यात कुकीज! पाठीमागे छापलेल्या कृतीत तीन अंडी, अर्धा कप तेल आणि एक कप पाणी. त्यातलं पाणी पूर्ण वगळायचं, अंडी दोनच घ्यायची, तेल तसंच. फडताळात असतील ते चॉकलेटचे तुकडे, अक्रोड किंवा ओट्स घालायचे, लहान गोळे ट्रेवर अंतर सोडून ठेवायचे आणि 175 अंश सेल्सिअसवर दहा-बारा मिनिटं भाजायचे. जमतं ते पाण्याच्या अभावामुळे. पिठातल्या ग्लुटेनला जाळं विणायला आणि स्टार्चला फुलायला ओल लागते. ती नाही म्हटल्यावर साखर वितळून गोळा पसरतो, वर भेगा पडतात. केकचं पीठ मुळातच हलकं आणि फुगवणारा मसाला भरपूर, त्यामुळे या कुकीज कुरकुरीत होत नाहीत, मऊच राहतात. कुरकुरीतपणाचा आग्रह असेल त्याने मैदा-लोणी-साखरेच्या जुन्या वाटेने जावं.

खोक्याला असं आपल्या तालावर नाचवण्याला अ‍ॅन बायर्न यांच्या ‘द केक मिक्स डॉक्टर’ने 1999 साली पुस्तकाची प्रतिष्ठा दिली. त्यातल्या कृती तेव्हाच्या 18.25 औंसांच्या, म्हणजे 517 ग्रॅमच्या खोक्यावर बेतलेल्या होत्या. पुढे कंपन्यांनी खोकं गुपचूप 15.25 औंसांवर, 432 ग्रॅमवर आणलं. किंमत तीच ठेवून माप उतरवण्याचा हा खेळ आपल्याकडच्या बिस्किटांच्या पुड्यांनाही चांगलाच परिचयाचा आहे. पण पाच रुपयांच्या पुड्यातलं बिस्किट कमी झालं तर खाणारा एक बिस्किट कमी खातो. इथे 85 ग्रॅम मिश्रण गायब, आणि अंडी-तेल मात्र आजीच्या वहीतल्या मापानेच. गोळा सैल पडतो, ट्रेभर पसरून सगळ्या कुकीज एकमेकींना जाऊन मिळतात. जाणत्या बायका आता मिश्रणात काही चमचे मैदा घालतात; काही जणी एक जादा खोकं फोडून बरणीत भरून ठेवतात आणि दर वेळी त्यातून तूट वजन करून भरतात.