हातांवरील इसब : ओळख व उपचार

कावेरीकाठच्या कुंभकोणम नगरीत हातांना उसंत अशी थोडीच मिळते. जवळच्या तिरुभुवनम येथे रेशीम रंगवून विणले जाते, घरोघरी पितळेची भांडी चिंचेने घासली जातात आणि उपाहारगृहांतील आचारी दररोज लसूण-कांदा सोलीत असतात. अशा राबणाऱ्या हातांना जडणारा एक चिवट विकार म्हणजे इसब होय.

इसब हा संसर्गजन्य रोग नव्हे. त्वचेच्या बाह्य थरातील स्निग्धांश पाणी, साबण व आम्ले यांमुळे धुऊन जातो; त्वचा कोरडी पडते, लाल होते, खाजते व भेगाळते. कित्येकदा बोटांच्या कडांना साबुदाण्याच्या दाण्यांसारखे बारीक फोड येतात व ते फुटून लस वाहते.

इसब कोठे उठले आहे, यावरून त्याच्या कारणाचा माग काढता येतो. बेचक्यांत व अंगठीखाली साबण साचून राहतो, म्हणून पाण्यात काम करणाऱ्यांना तेथे प्रथम त्रास होतो. उजव्या हाताने सुरी चालविणाऱ्या आचाऱ्याच्या डाव्या हाताचा अंगठा, तर्जनी व मध्यमा यांची टोके भेगाळली, तर त्या बोटांनी धरलेल्या लसणाचा संशय घ्यावा. लसणातील गंधकयुक्त द्रव्याची ॲलर्जी हे त्याचे कारण असते. हे द्रव्य बहुतेक हातमोज्यांतूनही पार जाते. म्हणून अशा व्यक्तीने लसणाला हात न लावणे हेच श्रेयस्कर.

संशय पक्का करण्यासाठी पट्टी-चाचणी करतात. योझेफ याडासोन या त्वचारोगतज्ज्ञाने ही पद्धत १८९५ मध्ये मांडली. संशयित द्रव्ये अल्प प्रमाणात पाठीवर चिकटवून ४८ तासांनी पट्ट्या काढतात आणि पुढे एक-दोन दिवसांनी पुन्हा त्वचा तपासतात.

इसबासारखे दिसणारे इतर विकारही आहेत. बेचक्यांत रात्री अधिक खाज येत असेल व घरातील इतरांनाही ती असेल, तर खरूज संभवते. एकाच हातावर कडा उठावदार असलेला चट्टा नायट्याचा असू शकतो. चट्टा बधिर असेल, तर कुष्ठरोगाच्या तपासणीसाठी विनाविलंब वैद्याकडे जावे.

उपचारात कारण टाळणे हे पहिले पथ्य. हात सौम्य साबणाने व कोमट पाण्याने धुवावेत, टिपून कोरडे करावेत व लगेच पेट्रोलियम जेली लावावी. ओल्या कामात रबरी हातमोज्याच्या आत सुती हातमोजा घालावा. दाह अधिक असल्यास वैद्य स्टेरॉइडयुक्त मलम देतात. ते सांगितलेल्या मुदतीपुरतेच वापरावे. दुकानातून परस्पर आणलेल्या अशा मलमाने त्वचा पातळ होते व नायटा असल्यास तो पसरतो. लसणाचा लेप लावल्यास कातडी भाजते. पू, वाढती सूज किंवा ताप दिसल्यास घरगुती उपायांत वेळ दवडू नये.

त्वचा वरून बरी दिसली तरी तिची संरक्षणशक्ती पूर्ववत होण्यास काही महिने लागतात. तोवर पथ्य सोडल्यास इसब पुन्हा उलटते. आणि ज्याचे पोट हातांवर आहे, त्याची रोजी त्याबरोबर बुडते.