मॉरिशस : दूरचें आणि जवळचें

यवतमाळ जिल्ह्यांत, पैनगंगेच्या खोऱ्यांत, ढाणकी हें गांव आहे. तेथून समुद्र फार दूर. तथापि ढाणकीच्या शिवारांतील कापूस पिकविणारी काळी माती आणि हिंदी महासागरांतील मॉरिशस बेट यांचें जुनें नातें आहे, असें बहुतेक भूगर्भशास्त्रज्ञ मानतात. पृथ्वीच्या पोटांतील ज्या तप्त स्थानांतून सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं लाव्हारस उसळला आणि दख्खनचा काळा पाषाण घडला, त्याच स्थानावरून भूकवच उत्तरेकडे सरकत गेलें व मागें एकामागून एक बेटें वर आलीं. मॉरिशस त्यांतील अलीकडचें, म्हणजे ऐंशी-नव्वद लाख वर्षांचें. तो अग्नि आज शेजारच्या रीयुनियन बेटाखालीं धगधगत आहे.

आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून सुमारें २,००० किलोमीटर दूर असूनही मॉरिशसची गणना आफ्रिकी राष्ट्रांतच होते. त्याचें क्षेत्रफळ सुमारें २,०४० चौरस किलोमीटर, म्हणजे एकट्या यवतमाळ जिल्ह्याच्या सातव्या हिश्श्याहून किंचित् अधिक. बेटाभोंवतीं प्रवाळाचा कोट, त्याच्या आंत निळें शांत पाणी, मध्यें उंसाचे मळे आणि त्यांवर ८२८ मीटरपर्यंत चढत जाणारे डोंगर. चामारेल येथें तर झिजलेल्या पाषाणांतील लोह व ॲल्युमिनियम यांच्या संयुगांमुळें उघड्या टेकाडांवर तांबड्या-जांभळ्या छटा उमटल्या आहेत.

या सौंदर्याला एक दुःखद बाजूही आहे. कबुतराच्या कुळांतील, उडतां न येणारा डोडो पक्षी केवळ याच बेटावर होता. १५९८ सालीं डच खलाशी येथें उतरले. माणसांबरोबर उंदीर, डुकरें, माकडें आलीं आणि शंभर वर्षांच्या आंत डोडो नामशेष झाला. येथील लहान ससाणाही त्याच वाटेवर होता. १९७४ सालीं रानांत त्याचे अवघे चार पक्षी उरल्याचें ज्ञात होतें. अभ्यासकांनीं घरट्यांतील अंडीं काढून उबविलीं, पिलें हातांनीं वाढविलीं व पुन्हां रानांत सोडलीं. आज हे ससाणे कांहीं शेंकड्यांनीं आहेत.

या बेटावर मूळचे रहिवासी कोणीच नव्हते. डच गेले, फ्रेंच आले, १८१० मध्यें इंग्रज आले. मळ्यांवर राबण्यास आफ्रिका व मादागास्कर येथून गुलाम आणले गेले. त्यांतील पळालेले ल मोर्न पर्वतावर आश्रय घेत. बकऱ्याच्या कातड्याच्या डफावर चालणारें त्यांचें सेगा गीतनृत्य आज साऱ्या देशाचें झालें आहे. १८३४ पासून कराराचे मजूर भारतांतून येऊं लागले. पोर्ट लुई येथील ज्या घाटावर ते उतरत, तो आप्रवासी घाट २००६ सालीं जागतिक वारसा ठरला. १२ मार्च १९६८ रोजीं देश स्वतंत्र झाला. महाशिवरात्र, ईद, नाताळ, चिनी वसंतोत्सव आणि गणेशचतुर्थी या सर्वांना तेथें सार्वजनिक सुटी असते.

गणेशचतुर्थीचें नांव ऐकून आपले कान टवकारले असतील. मुंबई बंदरांतून गेलेल्या मजुरांत रत्नागिरीकडील मराठी कुटुंबेंही होतीं. त्यांचे वंशज आजही गणपति बसवितात आणि कोंकणची जाखडी ‘झाकरी’ या नांवानें नाचतात. मात्र पिढ्या उलटतां उलटतां घरांतील बोली बहुतेक क्रिओल झाली. मराठी उरली ती आरतींत, गाण्यांत आणि शाळेच्या वर्गांत. मोका येथील १९७० सालीं स्थापन झालेल्या महात्मा गांधी संस्थेंत ती शिकविली जाते.

तेथील मराठी मुलाला मराठी घरीं आयती मिळत नाहीं, शाळेंत जाऊन ती शिकावी लागते. आपल्या घरांत ती अजून सहज बोलली जाते, म्हणून तिची काळजी करण्याचें कारण नाहीं असें आपण समजतों. डोडोची काळजी वेळेवर कोणी केली नाहीं, ससाण्याची केली. मॉरिशसला जाणाऱ्या प्रवाशानें समुद्रकिनारा अवश्य पाहावा, परंतु एखादी सकाळ आप्रवासी घाटाच्या दगडी पायऱ्यांसाठींही राखून ठेवावी. आपलीं माणसें त्याच पायऱ्या चढून त्या देशांत गेलीं.