चिमुकल्या गावातील प्रकाशित पाट्या

गणेशोत्सवात गणपतीपुढे गावाचा देखावा मांडण्याची हौस बेळगाव-निपाणी भागात जुनी आहे. मातीचे डोंगर, पुठ्ठ्याची घरे, काचेचे तळे आणि कडेने धावणारी लहानशी आगगाडी! नाताळात ख्रिस्ती घरांतील गोठ्याभोवतीही असेच गाव वसते. परंतु दिवे लागले की पुष्कळदा देखावा फसतो. दुकानावरची पाटी दुकानापेक्षा मोठी भासते, अक्षरे पुसून जातात आणि उरतो तो प्रकाशाचा नुसता गोळा. वस्तू लहान केली, पण प्रकाश लहान करावयाचा राहिला, हे त्याचे कारण होय.

निऑन वायूचा शोध १८९८ साली लंडनमध्ये रॅम्से व ट्रॅव्हर्स यांनी लावला. १९१० साली जॉर्ज क्लोद यांनी पॅरिसमध्ये निऑनच्या नळ्या उजळून दाखविल्या. काचेची नळी तापवून अक्षरांच्या आकारात वाकवावयाची, आतील हवा काढून वायू भरावयाचा आणि हजारो व्होल्टचा दाब द्यावयाचा, अशी ही कृती आहे. निऑन तांबडा-नारिंगी प्रकाश देतो. निळ्यासाठी आरगॉन व पारा लागतो.

ही नळी लहान करता येईल काय? लघुरेल्वेच्या प्रचलित मापात खरी वस्तू ८७ पटींनी लहान करतात. म्हणजे एक फुटाची वस्तू साडेतीन मिलिमीटरची होते. पुण्यास कोथरूड येथे भाऊ जोशी यांनी उभारलेले व १९९८ साली खुले झालेले लघुरेल्वेचे संग्रहालय याच मापाचे आहे. या हिशेबाने दहा मिलिमीटर जाडीची नळी केसाएवढी बारीक होईल. अशी नळी घरी करणे अशक्य. शिवाय हजारो व्होल्टचा दाब मुलांच्या हाती देणे घातक. म्हणून येथे नळी करावयाची नाही, नळीचा भास करावयाचा.

त्यासाठी काळ्या पार्श्वभूमीवर कोरी अक्षरे राहतील असा मजकूर पारदर्शक प्लॅस्टिकवर छापून घ्यावा. काळेपणा विरळ वाटल्यास तशाच दोन प्रती एकमेकींवर तंतोतंत बसवाव्यात. मागे रंगीत जिलेटिनचा तुकडा आणि त्यामागे ट्रेसिंग कागद लावावा. हे सर्व पुठ्ठ्याच्या चपट्या पेटीच्या तोंडाशी बसवावे. पेटी आतून पांढरी व बाहेरून काळी असावी. आतील एलईडी दिव्याचे तोंड अक्षरांकडे न ठेवता मागच्या पांढऱ्या भिंतीकडे ठेवावे. त्यामुळे प्रकाश सारखा पसरतो, मध्येच ठिपका दिसत नाही.

दिव्याला नऊ व्होल्टची बॅटरी पुरे. घरातील विजेशी त्याचा संबंध येऊ देऊ नये. तांबडा दिवा सुमारे दोन व्होल्ट घेतो; उरलेल्या सात व्होल्टसाठी २,२०० ओहमचा रोधक जोडला की जेमतेम तीन मिलिअँपिअर प्रवाह वाहतो. एवढा मंद कशाला, असे वाटेल. पण दोन फुटांवरून देखावा पाहणारा मनुष्य त्या गावाच्या मापाने १७४ फूट दूर उभा असतो. इतक्या अंतरावरून खरी पाटी डोळे दिपवीत नाही, नुसती रंगाने ओळखू येते.

देवनागरीत आणखी एक अडचण आहे. काळ्या कागदातून अक्षरे कापून काढली, तर शिरोरेषेमुळे सबंध शब्दाचे एकच भोक पडते आणि ‘ब’, ‘व’, ‘प’ यांच्या पोटातले तुकडे गळून पडतात. म्हणून कापण्यापेक्षा छापणे बरे.

सरतेशेवटी पाटीवर लिहावयाचे काय? सीमाभागात हा प्रश्न केवळ शोभेचा नाही. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपासून पाटीवरील लिपीसाठी येथे माणसे भांडली आहेत. १ नोव्हेंबर २०१४ रोजी सरकारी दप्तरी बेळगावचे नावही बदलले. देखावा करणाऱ्याने ज्या सालचे गाव मांडले, त्या सालची पाटी लावावी. जुने छायाचित्र समोर ठेवून, मराठी, कन्नड, इंग्रजी जे असेल ते जसेच्या तसे उतरावे. वडीलधाऱ्यांना विचारून एखाद्या बंद पडलेल्या चित्रपटगृहाची वा विडीच्या दुकानाची पाटी उजळली, तर गावाची एक आठवण घरात जतन होईल.

आणि एखादी पाटी मनातलीही असू द्यावी. बेळगावला आगगाडी एकोणिसाव्या शतकातच आली. निपाणीला ती अजून पोहोचलेली नाही. देखाव्यातल्या फलाटावर मात्र एखाद्या मुलाला ‘निपाणी’ अशी पाटी लावता येते. ती मंद तेवत असली, म्हणजे पाहणाऱ्याला खरीच वाटेल.