घुमणारी पेटी गप्प झाली

मे महिना, तारकर्लीत काकीच्या घरी पाहुण्यांच्या तिन्ही खोल्या भरलेल्या. पहाटेच तिचा फोन आला, "अरे, मागचो पंप मेलो मरे. आवाजच येणा नाय." वास तिला रात्रीच आला होता, सडक्या अंड्यांचा. तिनं आधी कोंबड्यांचं खुराडं तपासलं होतं.

तिचा 'पंप' म्हणजे घरगुती सांडपाणी शुद्धीकरण टाकीचा ब्लोअर. बुटांच्या खोक्याएवढी पेटी, दिवसरात्र घूं करणारी. आत गरगर फिरणारी मोटर नसते. एका दांड्यावर चुंबकं बसवलेली असतात. आपल्याकडची ५० हर्ट्झची वीज तो दांडा सेकंदाला ५० वेळा मागेपुढे हलवते आणि दोन्ही टोकांचे रबरी पडदे लोहाराच्या भात्यासारखी हवा टाकीत ढकलतात. दिवसाला ४३ लाख हेलपाटे. रबर झिजणारच.

ही हवा कोणासाठी? मँचेस्टरमध्ये आर्डर्न आणि लॉकेट या दोघांनी १९१४ मध्ये दाखवलं, की सांडपाण्यात हवा सोडून खाली बसलेला गाळ फेकून न देता पुन्हा पुन्हा वापरला, तर त्यातले जिवाणू आठवड्यांचं काम तासांवर आणतात. त्यांचे मार्गदर्शक गिल्बर्ट फाउलर पुढे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकवायला आले. काकीच्या परसातली टाकी त्याच गाळाच्या जिवावर चालते. हवा थांबली की पाण्यातला ऑक्सिजन बघता बघता संपतो, त्यातून कोकणच्या उकाड्यात कोमट पाण्यात तो मुळातच कमी मुरतो. मग दुसऱ्या जातीचे जिवाणू पुढे सरसावतात. ते सल्फेटवर जगतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सल्फेट अडीच ग्रॅमहून जास्त असतं. उन्हाळ्यात विहीर मचूळ झाली, की तेच नळावाटे टाकीत उतरतं. म्हणून किनाऱ्यावरची बिघडलेली टाकी जास्त घाण मारते. हा वायू प्रमाणाबाहेर झाला तर नाकच बधिर करतो. तेव्हा टाकीत डोकं घालून बघायची हौस नको.

पंप मेला म्हणण्याआधी एक परीक्षा करायची : पेटीच्या तोंडाची नळी काढायची. मोकळ्या तोंडातून जोरात हवा आली तर दोष पुढे, नळीत किंवा तळाशी बुडबुडे सोडणाऱ्या चकतीत. मी तिथं पोचून नळी काढली, तर काकीच्या पेटीतून काहीच येईना. प्लगला वीज होती. प्लग काढला, झाकण उघडलं, तर एक पडदा काठाशी फाटलेला. पडदा फाटला की दांडा भरकटतो. चुंबक गुंडाळीवर आदळू नये म्हणून आतला छोटा स्विच वीज तोडतो. इथंच बरेच जण नवीन ब्लोअर आणतात. खरं तर बहुतेक वेळा पडद्यांची जोडी बदलून स्विच पूर्ववत केला की भागतं. जोडीच बदलायची, एक नव्हे. नवा-जुना जुंपला तर दांडा तिरका ओढला जातो.

पण पडदा फाटला कशानं? वरच्या झाकणातला स्पंज काढला, तर खाऱ्या धुळीनं तो खरवसासारखा घट्ट झालेला. तळाची चकतीही शेवाळलेली, अर्धी बुजलेली. दीड मीटर पाण्याखाली हवा ढकलणं हेच मोठं काम. त्यात वाट अडली की पेटी तापते आणि तापलेलं रबर लवकर मरतं. बिचारा पडदा उगाच बदनाम. भरीला पेटी उन्हात, पत्र्याच्या डब्यात कोंडलेली. आम्ही ती सावलीत, टाकीतल्या पाण्याच्या पातळीहून उंच, चिऱ्यांच्या ओट्यावर ठेवली. खाली असती तर वीज गेल्यावर टाकीतलं पाणी नळीतून उलटं तिच्यात शिरलं असतं, आणि इथं वीज किती जाते ते तौक्ते वादळानं २०२१ मध्ये पुरतं दाखवलंय.

एवढी यातायात कशाला, शोषखड्डा आहेच की, असं शेजारी म्हणाले. पण जमीन बघायला हवी. पलीकडे देवबागला कर्ली नदी आणि समुद्र यांच्यामध्ये वाळूची चिंचोळी पट्टी आहे. अशा पुळणीत गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर भिंगासारखं तरंगतं आणि विहिरी त्याच भिंगात खणलेल्या असतात. शोषखड्ड्यातलं पाणीही त्यातच झिरपतं.

नवे पडदे घालून, चकती घासून प्लग लावला. घूं सुरू झाली, आधीपेक्षा बारीक. काकीला ती पटेना, "आवाज उणो झालो." मी तिला टाकीतले बुडबुडे दाखवले. काळं पाणी आठवड्याभरात चहाच्या रंगावर आलं, आणि झाकण उघडलं की ओल्या मातीचा वास येऊ लागला. पावसाला अजून पंधरवडा होता.