श्वानप्रदर्शनांची ओसरती गर्दी आणि क्लबांचा वारसाप्रश्न

जातिवंत कुत्र्यांचे प्रदर्शन, ज्याला महाराष्ट्रातही सर्रास ‘डॉग शो’ म्हटले जाते, ते बाहेरून पाहणाऱ्याला सौंदर्यस्पर्धेसारखे वाटते. परंतु ब्रिटनमध्ये ते ज्या स्वरूपात रुजले त्यात पुढच्या पिढीच्या पैदाशीसाठी योग्य जनावरे निवडण्याचे ते साधन होते, आणि ही निवड सरकारी खात्याकडे वा पशुवैद्यकांकडे न जाता हौशी मंडळींच्या क्लबांकडे गेली. प्रदर्शनांत उतरणाऱ्या कुत्र्यांची संख्या घटत चालली आहे आणि क्लबांना कार्यवाह, खजिनदार व अध्यक्ष मिळणे अवघड झाले आहे, अशी तक्रार ब्रिटनमध्ये आणि अमेरिकेतही गेली काही वर्षे सातत्याने ऐकू येते. या दोन गोष्टींचा विचार बहुधा वेगवेगळा होतो, आणि पहिलीचे खापर महागाईवर, तर दुसरीचे नव्या पिढीच्या अनास्थेवर फोडले जाते. प्रत्यक्षात ही एकाच दुखण्याची दोन लक्षणे आहेत, कारण या हौसेच्या जगात पैसे भरणारी माणसे आणि कारभार चालवणारी माणसे वेगळी नाहीतच.

पहिले संघटित श्वानप्रदर्शन २८ व २९ जून १८५९ रोजी न्यूकॅसल अपॉन टाइन या शहरात भरले तेव्हापासूनच हे दिसते. त्यात पॉइंटर आणि सेटर या दोनच शिकारी जातींची मिळून साठ कुत्री होती आणि बक्षीस म्हणून बंदुका ठेवलेल्या होत्या. मौज अशी की सेटरांमध्ये पहिले बक्षीस पॉइंटरांच्या एका परीक्षकाच्या कुत्र्याला मिळाले आणि पॉइंटरांमध्ये सेटरांच्या एका परीक्षकाच्या. यात लबाडी असेलच असे नाही. कुत्र्यांची पारख असणारी माणसे थोडी होती आणि तीच कुत्री पाळत होती, एवढाच त्याचा अर्थ. पुढे १८७३ मध्ये सेवालिस शर्ली या संसदसदस्याने बारा सहकाऱ्यांसह लंडनमध्ये ‘केनेल क्लब’ स्थापन केला, लगोलग वंशावळींची नोंदवही छापली, प्रदर्शनांचे नियम ठरवले, आणि त्याच्या छत्राखाली एकेका जातीची काळजी वाहणारे ‘ब्रीड क्लब’ उभे राहिले. संस्था वाढली, नियमांचे पुस्तक जाड झाले. पण परीक्षक, पैदासकार, स्पर्धक आणि आयोजक या चारही भूमिका त्याच वर्तुळातील माणसांनी आळीपाळीने निभावण्याची रीत मात्र न्यूकॅसलच्या वेळी होती तशीच राहिली.

घटत्या संख्येचा अर्थ समजण्यासाठी ‘एंट्री’ म्हणजे काय ते पाहावे लागते. प्रदर्शनात प्रत्येक जातीत कुत्र्याचे वय आणि आधीचे यश यांनुसार वर्ग पाडलेले असतात, जसे की पिल्लांचा वर्ग, वर्षा-दीड वर्षाच्या कुत्र्यांचा वर्ग, सर्वांसाठी खुला वर्ग. आणि एका कुत्र्याने एका वर्गात घेतलेला प्रवेश ही एक एंट्री. एकच कुत्रे दोन-तीन वर्गांत उतरू शकत असल्यामुळे एंट्रींचा आकडा कुत्र्यांच्या आकड्यापेक्षा मोठा असतो, आणि जुन्या जाहिरातींतील भव्य आकडे वाचताना हा फरक ध्यानात ठेवलेला बरा. शुल्क प्रदर्शनाच्या कितीतरी आधी भरावे लागते आणि त्यातूनच सभागृहाचे भाडे, परीक्षकांचा प्रवास, सूचीपुस्तकाची छपाई व फिती-रोझेट यांचा खर्च निघतो. सामान्य प्रदर्शनांना तिकीट काढून येणारा प्रेक्षकवर्ग जवळपास नसतोच; रिंगणाभोवती उभे असलेले लोक म्हणजे आपली पाळी येण्याची वाट पाहणारे स्पर्धकच असतात.

या सर्व खटाटोपाचे फळ म्हणजे ‘चॅम्पियन’ ही पदवी. ब्रिटनमधील परंपरागत नियमानुसार मोठ्या, म्हणजे ‘चॅम्पियनशिप’ दर्जाच्या, प्रदर्शनात प्रत्येक जातीच्या सर्वोत्तम नराला आणि सर्वोत्तम मादीला एकेक ‘चॅलेंज सर्टिफिकेट’ दिले जाते, आणि तीन वेगवेगळ्या परीक्षकांच्या हातून अशी तीन प्रमाणपत्रे मिळवणारे कुत्रे चॅम्पियन ठरते. जनावर त्या योग्यतेचे नाही असे वाटल्यास परीक्षक प्रमाणपत्र देण्याचे नाकारूही शकतो. शिवाय आधीच चॅम्पियन झालेली कुत्रीही त्याच प्रमाणपत्रासाठी पुन्हा उतरत असल्याने नवख्याला त्यांना हरवूनच पुढे जावे लागते. या कडकपणाचा ब्रिटिश मंडळींना अभिमान आहे आणि तो अस्थानी नाही. मात्र कोणत्या जातीला वर्षभरात किती प्रमाणपत्रे द्यायची हे केनेल क्लब त्या जातीच्या उपस्थितीकडे व नोंदणीकडे पाहून ठरवतो, आणि घसरणीचे चाक नेमके इथे फिरू लागते. एंट्री कमी झाल्या की प्रमाणपत्रे कमी होतात, ती कमी झाली की पदवीची आशा दुरावते, आशा दुरावली की दोनशे मैल गाडी हाकत जाण्याचे कारण उरत नाही, आणि एंट्री आणखी घटतात.

अमेरिकेत हेच चाक गुणांच्या हिशेबाने फिरते. तिथल्या अमेरिकन केनेल क्लबच्या नियमानुसार चॅम्पियन होण्यासाठी पंधरा गुण लागतात, एका प्रदर्शनात मिळणारे गुण हरवलेल्या कुत्र्यांच्या संख्येवर अवलंबून असतात आणि ते एकपासून पाचपर्यंत जातात. तीन किंवा अधिक गुणांच्या विजयाला ‘मेजर’ म्हणतात आणि असे किमान दोन मेजर वेगवेगळ्या परीक्षकांकडून मिळवणे सक्तीचे असते. याचा अर्थ असा की उत्कृष्ट कुत्रे घेऊन गेलेल्या माणसालाही समोर पुरेसे प्रतिस्पर्धी नसतील तर त्याच्या उत्कृष्टतेला किंमत नाही. मेजरला लागणारी संख्या काठावर असताना एखाद्याचे कुत्रे आजारी पडले किंवा मालकीण आलीच नाही, तर मेजर ‘मोडते’, आणि बाकीच्यांचा प्रवास, हॉटेल व शुल्क पाण्यात जाते; म्हणून अशा वेळी कुत्रे मागे घेणे अशिष्ट मानले जाते. काही मालक तर संख्या भरावी एवढ्यासाठी आपली दुय्यम कुत्रीही उतरवतात. पैदाशीची निवड म्हणून सुरू झालेली व्यवस्था अशी संख्या जुळवण्याच्या कसरतीत अडकते, हे तिच्या चाहत्यांनीही मान्य करावे असे आहे. एंट्री टिकाव्यात म्हणून या क्लबने २०१० मध्ये चॅम्पियन झालेल्या कुत्र्यांसाठी ‘ग्रँड चॅम्पियन’ ही वरची पदवी काढली, आणि अनेक क्लबांनी एकाच मैदानावर लागोपाठच्या दिवशी आपापली प्रदर्शने भरवण्याची ‘क्लस्टर’ पद्धत पूर्वीपासूनच स्वीकारलेली आहे. या उपायांनी जुने स्पर्धक अधिक काळ टिकतात, पण नवे त्यामुळे येतातच असे नाही.

नवा माणूस न आल्याने खरे नुकसान होते ते क्लबाचे. प्रदर्शनाचा कार्यवाह हा मानद, म्हणजे बिनपगारी, असतो. आणि त्याने सभागृह ठरवावे, केनेल क्लबकडून परवाना घ्यावा, परीक्षकांशी कधी दोन-तीन वर्षे आधी बोलणी करावीत, शुल्काचा हिशेब ठेवावा, सूचीपुस्तक छापून घ्यावे, रिंगणात मदतनीस उभे करावेत, तक्रारी ऐकाव्यात आणि सगळे संपल्यावर निकालांची चिन्हांकित प्रत वेळेत पाठवावी, अशी अपेक्षा असते. हे काम तीस-तीस वर्षे करणारी माणसे या जगात आहेत आणि त्यांच्या निष्ठेवर कित्येक जाती तगल्या आहेत. परंतु तेच काम हाताखाली कोणाला न शिकवता केले गेले, तर कार्यवाह थकल्याच्या दिवशी क्लबही थकतो. मराठी वाचकाला हे चित्र परके वाटू नये, कारण गावोगावची वाचनालये आणि नाट्यमंडळे नेमकी याच रीतीने एका माणसावर उभी राहिली आणि त्याच्याबरोबर बसली.

एकखांबी कारभाराचे सर्वांत यशस्वी उदाहरणही याच जगात आहे. चार्ल्स क्रफ्ट हा कुत्र्यांच्या बिस्किटांच्या कंपनीत काम करून पुढे आलेला व्यापारी होता, त्याने १८९१ मध्ये लंडनच्या इस्लिंग्टन भागात स्वतःच्या नावाने सर्व जातींचे प्रदर्शन सुरू केले आणि १९३८ मध्ये मरेपर्यंत ते धंदा म्हणूनच चालवले. त्याच्यानंतर विधवा पत्नीने एक वर्ष तो भार वाहिला आणि अखेर १९४२ मध्ये ते प्रदर्शन केनेल क्लबच्या स्वाधीन केले. तेच ‘क्रफ्ट्स’ १९९१ मध्ये बर्मिंगहॅमला गेले आणि त्या शताब्दी वर्षी तिथे २२,९७३ कुत्री आली. क्रफ्ट्सचे दूरदर्शनवरील वैभव पाहून प्रदर्शनांचे सर्व ठीक चालले आहे असा समज होतो, पण तिथे पात्रता मिळवलेली कुत्रीच उतरतात आणि ती पात्रता वर्षभर लहान-मोठ्या क्लबांच्या प्रदर्शनांत मिळवलेली असते. कळस झळाळतो आहे म्हणून पाया शाबूत आहे असे समजण्यात अर्थ नाही.

पाया का खचला याची कारणे अनेक आहेत आणि सगळी क्लबांच्या हातातली नाहीत. शेपट्या छाटण्यावर २००७ मध्ये इंग्लंड व वेल्समध्ये आलेल्या बंदीने काही जातींचे जुने पैदासकार बाजूला झाले, आणि २०१८ च्या नियमांनी इंग्लंडमध्ये वर्षाला तीन वेत घेऊन पिल्ले विकणाऱ्यालाही परवाना लागू केला, तेव्हा घरगुती पैदासकाराचे गणित अवघड झाले. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर १ जानेवारी २०२१ पासून ब्रिटिश पाळीव-प्राणी पारपत्रे निरुपयोगी झाली आणि खाडीपलीकडे ये-जा करणाऱ्या स्पर्धकांची कागदपत्रे वाढली. परंतु सर्वांत खोल घाव १९ ऑगस्ट २००८ चा. त्या दिवशी बीबीसीने जातिवंत कुत्र्यांच्या आनुवंशिक आजारांवरील ‘पेडिग्री डॉग्ज एक्स्पोज्ड’ हा माहितीपट दाखवला, त्यानंतर बीबीसीने क्रफ्ट्सचे प्रक्षेपण थांबवले, मुख्य प्रायोजक दूर झाला आणि प्राणिकल्याण संस्थाही बाजूला सरल्या. केनेल क्लबने पुढे जातींची मानके, म्हणजे आदर्श शरीररचनेची लिखित वर्णने, सुधारली, आई-मुलगा किंवा भाऊ-बहीण अशा जवळच्या नात्यातील जोड्यांच्या पिल्लांची नोंदणी बंद केली, आणि २०१२ च्या क्रफ्ट्समध्ये पंधरा जातींच्या विजेत्यांना पशुवैद्यकाची तपासणी लावली, तेव्हा त्यांपैकी सहा नापास झाले. तपासणीची गरज त्या एका आकड्यानेच सिद्ध झाली, तरी अनेक ब्रीड क्लबांनी ती अपमान म्हणून घेतली. नेतृत्वाची कसोटी त्या वेळी लागली होती, आणि फार थोडे क्लब तिला उतरले.

त्याच काळात लोकप्रियता आणि प्रदर्शन यांची फारकत झाली. चपट्या तोंडाचा फ्रेंच बुलडॉग २०१८ मध्ये नोंदणीत लॅब्राडॉरच्या पुढे गेला, पण ती वाढ समाजमाध्यमांवरील छायाचित्रांतून आणि बाजारातून आली. क्लबांच्या रिंगणातून नव्हे. उलट क्लबांनी जिवापाड जपलेल्या कित्येक देशी जाती रोडावल्या. वर्षाला तीनशे किंवा त्याहून कमी पिल्ले नोंदली जाणाऱ्या ब्रिटिश जातींची ‘धोक्यातील देशी जाती’ अशी यादी केनेल क्लब ठेवतो. पाणमांजराच्या शिकारीसाठी घडवलेल्या ऑटरहाउंडचे कामच १९७८ मध्ये पाणमांजराला कायद्याचे संरक्षण मिळाल्यावर संपले, आणि चित्रपट दिग्दर्शक हिचकॉकने पाळलेल्या सीलीहॅम टेरियरची २००८ मध्ये फक्त ४३ पिल्ले नोंदली गेली. याउलट लातूर-सोलापूरकडील कारवानी कुत्रा कोणत्याही वंशावळीच्या कागदाविना, केवळ शेतकरी-धनगरांच्या गरजेवर पिढ्यान्‌पिढ्या टिकला, हेही इथे नोंदवण्याजोगे आहे.

नव्या माणसाला बाहेर ठेवणाऱ्या क्लबांच्या बंद दाराचा इतिहासही जुना आहे. केनेल क्लबच्या आश्रयाखाली स्त्रिया कुत्री पाळत, वाढवत आणि जिंकत होत्या, पण पूर्ण सदस्यत्व त्यांना १९७९ पर्यंत नव्हते; आणि तेही मिळाले ते फ्लॉरेन्स नेगल या आयरिश सेटर व वुल्फहाउंडच्या वयोवृद्ध पैदासकार स्त्रीने लवादापर्यंत भांडण नेल्यावर. अमेरिकन क्लब हा व्यक्तींचा नसून क्लबांचा संघ आहे, त्यांचे प्रतिनिधी मतदान करतात, आणि तिथेही स्त्री-प्रतिनिधींना १९७४ पर्यंत जागा नव्हती. आजचा नवखा तरुण कायद्याने अडवला जात नाही, पण परीक्षकाने कुत्र्याकडे न पाहता दोरीच्या दुसऱ्या टोकाच्या माणसाकडे पाहून निकाल दिला अशी शंका एकदा मनात बसली, की तो पुढच्या वर्षी शुल्क भरत नाही. परीक्षकच उद्याचा स्पर्धक असल्यामुळे ही शंका खोटी असली तरी फेडता येत नाही.

म्हणून कमी प्रदर्शने, एकत्र आलेले क्लब, पदांवर राहण्याची मुदत आणि बाहेरून आलेल्याला पहिल्याच वर्षी समितीवर घेण्याचे धाडस, एवढे केल्याविना शुल्कातील सवलती आणि नव्या पदव्या यांचा उपयोग तात्पुरताच ठरेल. १८५९ मध्ये न्यूकॅसलच्या त्या पहिल्या प्रदर्शनाला पुरतील एवढे सेटर सहज मिळाले होते. त्यांच्यातील इंग्लिश सेटर ही जात २०१२ च्या सुमारास धोक्यातील देशी जातींच्या यादीत जाऊन बसली.