पेशी येते कोठून?

सजीवांचे शरीर पेशींचे बनलेले असते, ही गोष्ट शालेय पाठ्यपुस्तक एका ओळीत उरकते; परंतु त्या पेशी मुळात येतात कोठून, या प्रश्नाचा निकाल लागण्यास पेशी प्रथम दृष्टीस पडल्यापासून जवळजवळ दोनशे वर्षे जावी लागली, आणि तो निकाल ज्याने पुराव्यानिशी दिला त्याचे नाव त्या पाठ्यपुस्तकात बहुधा आढळत नाही.

रॉबर्ट हुकने १६६५ साली आपल्या ‘मायक्रोग्राफिया’ या ग्रंथात बुचाच्या पातळ कापाचे चित्र प्रसिद्ध केले, त्यात दिसत होत्या त्या मृत पेशींच्या रिकाम्या भिंती. पुढील दहाएक वर्षांत हॉलंडमधील डेल्फ्ट गावच्या लेवेनहूक नावाच्या कापडाच्या व्यापाऱ्याने, लॅटिनचा गंध नसताना, स्वतः घासलेल्या चिमुकल्या भिंगातून तळ्याच्या पाण्यातील जिवंत सूक्ष्मजीव पाहिले व त्यांची हकीकत लंडनच्या रॉयल सोसायटीस पत्रांनी कळविली. तिची शहानिशा करण्याचे काम हुककडे आले आणि १६७७ मध्ये ती खरी ठरली. त्यानंतर दीर्घ काळ भिंगांच्या दोषांनी वाट अडविली. प्रतिमेच्या कडांना रंगांची झालर येत असे, आणि तो दोष सन १८३०च्या सुमारास दूर झाल्यावरच संशोधकांस पेशीचे अंतरंग निश्चितपणे वाचता येऊ लागले. रॉबर्ट ब्राऊनने ऑर्किडच्या पेशींत केंद्रक पाहिले ते याच सुमारास.

सन १८३८ मध्ये श्लायडेनने वनस्पतींविषयी आणि पुढच्याच वर्षी श्वानने प्राण्यांविषयी असे प्रतिपादिले की, सर्व सजीव देह पेशींचेच घडलेले आहेत. या सिद्धान्ताची थोरवी निर्विवाद आहे. परंतु त्याच्या पोटात एक चूक दडलेली होती, आणि थोर सिद्धान्ताच्या आश्रयाला राहिल्याने ती चूकही थोर मानली गेली. नवी पेशी कशी जन्मते याचे श्लायडेनने दिलेले उत्तर असे की, साखरेच्या पाकात सोडलेल्या दोऱ्याभोवती खडीसाखरेचे खडे धरावेत, तसे द्रवात प्रथम केंद्रक धरते आणि मग त्याच्याभोवती पेशी साकारते. श्वानने हीच उपपत्ती प्राण्यांना लावली. पेशींबाहेरच्या निराकार द्रवातूनही पेशी निर्माण होतात, असे त्याचे म्हणणे होते. सुजलेल्या जागी पाझरलेल्या द्रवात थोड्याच वेळात पूपेशींची दाटी होते, हे वैद्य नित्य पाहत असल्यामुळे त्यांनाही ही उपपत्ती पटण्याजोगी होती.

याच सुमारास बर्लिनमध्ये योहान्नेस म्यूलर यांच्या प्रयोगशाळेत रॉबर्ट रेमाक हा तरुण वैद्य उबवलेल्या अंड्यांतील कोंबडीच्या गर्भाचे रक्त सूक्ष्मदर्शकाखाली तपासीत होता. पक्ष्यांच्या तांबड्या रक्तपेशीत केंद्रक असते, ही गोष्ट येथे फार उपयोगी पडली. रेमाकला काही पेशी मध्येच आवळल्यासारख्या दिसल्या. दोन्ही टोकांस एकेक केंद्रक, आणि दोन अर्धांना जोडणारा बारीक देठ! हा देठ तुटला की एकीच्या दोन पेशी होतात, असे त्याने १८४१ साली नमूद केले. मात्र एवढ्यावरून सर्व प्राणिसृष्टीविषयी फर्मान काढण्याची घाई त्याने केली नाही. बेडकाच्या अंड्याचे विभाजन, स्नायू, इतर ऊती असे एकेक प्रकरण तपासत तो अकरा वर्षे थांबला, आणि १८५२ मध्ये मात्र त्याने स्पष्ट लिहिले की, पेशी पेशीबाहेर उत्पन्न होत नाहीत, त्या विभाजनानेच वाढतात, आणि रोगट ऊतींनाही हाच नियम लागू असला पाहिजे. मला स्वतःला या संयमाचे मोल त्या शोधाइतकेच वाटते.

रेमाक यहुदी होता. प्रशियाच्या विद्यापीठात यहुद्यास अध्यापनाचा मज्जाव होता, आणि धर्मांतर करून सनद मिळविण्यास तो राजी नव्हता. म्हणून वैद्यकी करून तो पोट भरी आणि प्रयोगशाळेत बिनपगारी काम करी. थेट राजाकडे अर्ज गुजरल्यानंतर अखेर १८४७ मध्ये त्यास व्याख्याने देण्याची मुभा मिळाली. पूर्ण प्राध्यापकपद मात्र १८६५ मध्ये मृत्यू येईपर्यंत मिळाले नाही.

पेशीपासूनच पेशी, हे लॅटिन सूत्र १८५५ साली जगापुढे गाजविले ते रुडॉल्फ फिर्खोव याने. हा आधी द्रवातून पेशी होतात असेच मानीत असे. पुढे रेमाकचा नामोल्लेखही न करता त्याने पेशीपासूनच पेशी हे मत मांडले, आणि १८५८ मध्ये बर्लिनच्या वैद्यांपुढे दिलेल्या व्याख्यानांतून त्याचा सर्वत्र प्रसार केला. फिर्खोवची योग्यता नाकारण्याचे कारण नाही. प्रयोगशाळेतील तत्त्व रुग्णाच्या खाटेपर्यंत नेण्यास त्याच्यासारखाच अधिकारी पुरुष हवा होता. पण श्रेयाच्या दफ्तरात रेमाकचे नाव अग्रभागी असावयास हवे होते, असे म्हटल्यावाचून राहवत नाही.

विभाजनात केंद्रकाचे नेमके काय होते, हे कोडे वाल्टर फ्लेमिंगने सॅलॅमँडरच्या डिंभांच्या पेशी रंगवून उलगडले: केंद्रकातील द्रव्याचे धागे उभे चिरतात आणि निम्मे निम्मे दोन्ही बाजूंस जातात, असे त्याने १८८२ च्या ग्रंथात आकृत्यांसह दाखविले. कर्करोगाची गाठ बाहेरून आलेली नसून देहाच्याच एखाद्या पेशीची संतती असते, ही समज याच परंपरेतली. म्हणूनच यकृतातील गाठीचा तुकडा तपासणारा विकृतितज्ज्ञ आजही प्रथम हेच पाहतो की, या पेशी यकृताच्याच आहेत, की स्तन, आतडे वा फुप्फुस यांतून तेथे येऊन वाढलेल्या आहेत, कारण औषधयोजना त्या उत्तरावर ठरते.